भांडं नंतर बघा, आधी वीज विचारा: जुन्या लष्करी विमानांतलं गॅलीचं सामान कसं ओळखायचं

"मिलिटरीच्या विमानातलं आहे, बघा तरी" एवढं म्हटलं की भंगारातल्या साध्या डब्याचाही भाव चढतो. सोलापूर पुणे-हैदराबाद रस्त्यावर पडतं. एका बाजूला लोहगाव, दुसऱ्या बाजूला बेगमपेठ, हकीमपेठ, डुंडीगल. हवाई दलाच्या तळांची ही नावं जुनं सामान विकणाऱ्यांच्या जिभेवर असतात आणि ऐकणाऱ्यालाही ती पटतात. त्यात आता कॅफे आणि हॉटेलवाल्यांना भिंतीवर लावायला असलं काहीतरी हवंच असतं. विकणारा दरवेळी खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. पण सांगोवांगीवर पैसे मोजण्यापेक्षा वस्तू उलटी करून बघितलेली बरी.

बहुतेक लोक आधी चकाकी बघतात, मग शिक्का शोधतात आणि प्लगकडे कुणी बघतच नाही. माझा क्रम उलटा आहे. ती वस्तू कोणती वीज मागते, ते आधी पाहायचं. शिक्का खोटा मारता येतो, रंग नवा देता येतो, गोष्ट तर फुकटच असते. पण आतलं कॉइल ज्या व्होल्टेजसाठी गुंडाळलंय ते लपवायचं म्हटलं तर अख्खी वस्तू उघडावी लागते, आणि भंगाराच्या धंद्यात एवढा खटाटोप कुणी करत नाही.

गॅली कुठल्या विमानात असते

गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर. तिथे फोडणी वगैरे पडत नाही. जमिनीवर शिजवून आणलेलं गरम करायचं, पाणी उकळायचं, चहा-कॉफी ओतायची, इतकंच काम. त्यामुळे सामानही मोजकं असतं: पाणी उकळायचा डबा, विजेवर तापणारा मोठा कप, अन्न गरम करायची छोटी भट्टी, दुहेरी भिंतीचे मोठे थर्मास आणि हे सगळं धरून ठेवणारी चौकट.

एकट्या वैमानिकाच्या लढाऊ विमानात यातलं काहीच नसतं. 'मिग-२१ मधला टी-सेट' कुणी दाखवला तर हसून पुढे जावं. गॅली लागते ती तासन् तास हवेत राहणाऱ्या विमानांना, म्हणजे मोठी मालवाहू, समुद्रावर टेहळणी करणारी, लांब पल्ल्याची बॉम्बर आणि मंत्र्यासंत्र्यांना नेणारी. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश सुंदरलँड हे पाण्यावर उतरणारं विमान पाणबुड्यांच्या शोधात दिवसभर समुद्रावर फिरे, आणि त्याच्या गॅलीत चक्क प्रायमसचे रॉकेलचे स्टोव्ह असत. तोच पंप मारायचा पितळी प्रायमस आपल्याकडे घराघरांत होता. म्हणून नुसता प्रायमस दाखवून कुणी त्याला विमानाचा म्हणत असेल, तर त्या म्हणण्याला आधार काही नाही. महायुद्ध संपता संपता अमेरिकेत मॅक्सन कंपनीनं कप्प्यांची गोठवलेली थाळी आणि ती गरम करायला पंख्याची विजेची भट्टी काढली. अमेरिकी नौदलाच्या वाहतूक विमानांत ती वापरली गेली. पुढे प्रवासी विमानांतल्या जेवणाची वाट तिथूनच निघाली.

आपल्याकडची यादी छोटी आहे. महायुद्धानंतर मागे राहिलेली लिबरेटर बॉम्बर दुरुस्त करून आपल्या हवाई दलानं १९६८ पर्यंत चालवली. डाकोटा ही मालवाहू विमानं तर कितीतरी वर्षं उडत राहिली. पण या दोन्हींत खाणं म्हणजे मुख्यतः डबे आणि थर्मास. (माझं खासगी मत विचाराल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाच विमानाला सगळ्यात सोयीचा शिधा. गरम करायला नको, सांडायची भीती नाही, आणि आठवडाभर टिकतो.) मग मोठी मालवाहू विमानं आली: १९५४ पासून पॅकेट, १९६१ पासून सोव्हिएत एएन-१२, १९८५ पासून आयएल-७६. नौदलाकडे १९७७ मध्ये आयएल-३८ आणि १९८८ मध्ये टीयू-१४२ ही टेहळणी विमानं आली, आणि त्यांची उड्डाणं लांबलचक. सगळ्यात गमतीचं प्रकरण सुपर कॉन्स्टेलेशनचं. ही मुळात एअर इंडियाची प्रवासी विमानं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती हवाई दलाकडे गेली आणि पुढे सागरी टेहळणीबरोबर नौदलाकडे. त्यामुळे एखाद्या ट्रेबद्दल एक जण 'एअर इंडियाचा' म्हणत असेल आणि दुसरा 'एअर फोर्सचा', तर दोघंही खरे असू शकतात.

वीज काय सांगते

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० सायकल, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. विमानात तसं नसतं. जुन्या विमानांत इंजिनावरच्या जनरेटरमधून साधारण २८ व्होल्ट डीसी येई. सोव्हिएत वस्तूंवर तो आकडा बहुधा २७ लिहिलेला असतो. नंतरच्या मोठ्या विमानांत ११५ व्होल्ट, ४०० सायकल एसी आली. सायकल एवढ्या वाढवायचं कारण वजन. वारंवारता जास्त असली की तितक्याच ताकदीच्या मोटारीला आणि ट्रान्सफॉर्मरला लोखंड कमी लागतं. जमिनीवर दोन-चार किलोनं काही बिघडत नाही, हवेत मात्र ते प्रत्येक फेरीत इंधन खातं.

इथे सोलापुरात एक घोळ हमखास होतो. यंत्रमागाच्या कारखान्यात वावरलेल्या माणसाला 'थ्री फेज' आणि '४००' हे शब्द शेजारी दिसले की तो आपले ४०० व्होल्ट समजतो. विमानाच्या पाटीवरचे ४०० हे व्होल्ट नसून सायकल असतात. पाटी अशी वाचायची: '२०० व्होल्ट, ३ फेज, ४०० सायकल'. आपल्या २३० ला १.७३ नं गुणलं की दोन फेजमधले ४०० व्होल्ट येतात. तसंच ११५ ला १.७३ नं गुणलं की २०० येतात. म्हणजे '११५' आणि '२००' ही एकाच विमानी विजेची दोन नावं. पाटीवर ४०० सायकल दिसलं तर वस्तू विमानातली असण्याची शक्यता एकदम वर जाते, कारण ना घरात, ना कारखान्यात, ना हॉटेलात ही वीज मिळते. काही ब्रिटिश बॉम्बरमध्ये, उदाहरणार्थ सुरुवातीच्या व्हल्कनमध्ये, ११२ व्होल्ट डीसी होती. असा विचित्र आकडा दिसला तर वस्तू बाजूला काढून ठेवा.

पाटीच नसेल तर? मग मल्टिमीटर. समजा गरम कप आहे आणि त्याचं काम ४०० वॉटचं धरलं. २८ व्होल्टच्या कपाच्या कॉइलचा रोध साधारण २ ओहम निघेल, ११५ व्होल्टच्या कपाचा ३३ आणि २३० व्होल्टच्या कपाचा १३२. वॉट थोडे इकडेतिकडे झाले तरी या तीन आकड्यांमधलं अंतर इतकं मोठं आहे की गल्लत होत नाही. फक्त २ ओहमच्या आसपास मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध किती ते बघा आणि तेवढा वजा करा; स्वस्तातल्या मीटरच्या तारा अर्धा ओहम सहज खातात. काटा हललाच नाही तर कॉइल गेलंय असं लगेच धरू नका, मध्ये थर्मोस्टॅट किंवा फ्यूज असतो.

आणखी एक. जुन्या डीसी विमानांत विमानाचं धातूचं अंगच परतीच्या तारेचं काम करी. त्यामुळे एक पिन आणि डब्याचं अंग यांत मीटर वाजला तर वायरमन म्हणेल, "बॉडी शॉर्ट आहे, टाकून द्या." ती मूळ रचना असू शकते. ओळखीच्या दृष्टीनं ही चांगलीच खूण आहे, आणि घरच्या बोर्डाला जोडायच्या दृष्टीनं जिवावरची.

घरच्या बोर्डाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ११५ व्होल्टचं कॉइल २३० ला लावलं तर वॉट दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. २८ व्होल्टचं लावलं तर सदुसष्ट पट. म्हणजे ४०० वॉटचा कप २७ किलोवॉट ओढू पाहील. फ्यूज उडाला तर नशीब. पंख्याची भट्टी असेल तर ११५ पर्यंत व्होल्टेज उतरवूनही भागत नाही, कारण ४०० सायकलसाठी गुंडाळलेली मोटार ५० सायकलवर भरमसाट करंट ओढते आणि जळते. तीच चार पोलची मोटार विमानात मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या घरात फिरायची, आपल्या विजेवर दीड हजारांच्या घरात फिरेल. रिवायंडिंगवाल्याला हे सांगितलं की तो लगेच मान डोलावतो. तेव्हा "चालू करून दाखवा" असा हट्ट विकणाऱ्याकडे धरू नका. त्यानं तो पुरवला तर वस्तू गेली म्हणून समजा.

प्लग आणि पिना

आपला तीन पिनांचा प्लग दिसला तर तो कुणीतरी नंतर बसवलाय. मूळ जोडणी गोल असते: धातूचं नळकांडं, आत पिना, बाहेर आटे असलेलं फिरतं कडं. कंपनांनी सुटू नये म्हणून हे कडं हातानं घट्ट आवळतात. अमेरिकी प्लगच्या अंगावर कोरलेलं वाचा. 'एएन ३१०६' असं असेल तर ती जुनी, लष्कर आणि नौदलाची सामाईक क्रमपद्धत. तोच प्लग नंतर 'एमएस ३१०६' झाला. पुढचा आकडा, समजा १८, हा कवचाचं माप इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतो. १८ म्हणजे सव्वा इंचाला अष्टमांश इंच कमी. फूटपट्टी लावून बघा. अंगावरचा आकडा आणि माप जुळलं नाही तर पुढचं सगळंच संशयानं पाहावं लागतं.

सोव्हिएत प्लगही गोलच आणि कड्याचाच. त्यावर तीन उभ्या दांड्या खालून आडव्या रेघेनं जोडल्यासारखं एक अक्षर दिसेल. ते रशियन 'श'. शेजारी इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं पण 'र' वाचलं जाणारं अक्षर. ही जोडी दिसली की प्लगचा वंश कळला. आटे मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे आपल्याकडचे पाने बसतात. अमेरिकी वस्तूला ते सैल किंवा तंग होतात. जुन्या ब्रिटिश वस्तूंतल्या बारीक स्क्रूंचे आटे तर बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे, ते कुठल्याच आधुनिक नटात बसत नाहीत.

अंगकाठी

हातात उचलून बघा. विमानातली वस्तू आकाराच्या मानानं हलकी लागते. चुंबक बहुधा चिकटत नाही, कारण अंग ॲल्युमिनिअमचं, म्हणजे आपल्या जुन्या बायकांच्या भाषेत जर्मनचं, किंवा पातळ स्टेनलेसचं असतं. पण घरातलं जर्मनचं पातेलंही चुंबकाला दाद देत नाही, म्हणून इथे थांबायचं नाही. रिवेट बघा. विमानाच्या कारागिराची रिवेटची ओळ सरळ, एकसारख्या अंतराची, डोकी सगळी सारखी ठोकलेली. मध्येच भोक असलेली पॉप रिवेट दिसली तर तिथे पुढे कुणीतरी हात मारलाय.

झाकण उघडा. विमान हलतं, डुचमळतं, कधी खड्ड्यात पडल्यासारखं खाली येतं. त्यामुळे झाकण नुसतं ठेवलेलं कधीच नसतं, त्याला खटका किंवा पकड असते. डब्याच्या पाठीला किंवा बुडाला खाचा असतात, त्या चौकटीत सरकून अडकतात. एक चतुर्थांश फेरीत बसणारे आणि सुटणारे स्क्रू दिसले तर ते झूस जातीचे. विमानाच्या झाकणांवर ते सर्रास वापरतात. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे बोल्टच्या डोक्याला आडवं पाडलेलं बारीक भोक. त्यातून तार ओवून, पीळ देऊन ती शेजारच्या बोल्टला बांधतात, म्हणजे एक ढिला व्हायला लागला की दुसरा त्याला आवळतो. तार गेलेली असेल, भोक राहतं. नुसत्या किटलीच्या बोल्टला असलं भोक पाडायची तसदी जमिनीवर कोण घेईल?

उकळणीच्या, म्हणजे पाणी उकळायच्या डब्याच्या, झाकणावर वाफ सोडणारी झडप असते, आपल्या कुकरच्या शिट्टीसारखी. कारण उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं आणि लवकर उकळलेलं पाणी कमी गरम असतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी धरा. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि चहाला रंग धरत नाही. थर्मासचं उलट. खाली घट्ट बंद केलेला थर्मास वर नेला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि झाकण उघडताच गरम पाणी उसळतं. म्हणून विमानासाठी केलेल्या मोठ्या थर्मासच्या झाकणालाही दाब सोडायची सोय असते. बाजारातल्या साध्या थर्मासला ती नसते.

पाटीवरचे आकडे

आता शिक्के. हे मुद्दाम शेवटी घेतलं, कारण इथे माणूस फसायला सगळ्यात उत्सुक असतो.

वर जाणारा बाण आपण लष्कराच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पाहिलेला असतो. ब्रिटिशांच्या जमान्यातली ही सरकारी मालमत्तेची खूण आहे. तंबूच्या खुंटीपासून दुर्बिणीपर्यंत कशावरही ती असू शकते. बाण म्हणजे सरकारी, एवढंच. बाण म्हणजे विमान नव्हे. मुकुट आणि त्याखाली 'एएम' ही इंग्रजी अक्षरं असतील तर मात्र ती ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण. हे मंत्रालय १९१८ ते १९६४ एवढंच स्वतंत्र होतं, मग ते संरक्षण मंत्रालयात विलीन झालं. म्हणजे वस्तू १९६४ च्या आधीची. तरी 'एएम'चे काटे-चमचे हवाई दलाच्या जमिनीवरच्या मेसमध्येही असत, हे विसरायचं नाही. ब्रिटिश उपकरणांवर आणखी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर नुसते एकापासून चढते आकडे. वस्तूत जी जी सुधारणा केली त्या क्रमांकावर काट मारलेली असते. नकली पाटी करणाऱ्यांना ही पट्टी सहसा सुचत नाही.

अमेरिकी पाटी वाचायला सगळ्यात सोपी, कारण त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय. 'प्रॉपर्टी, एअर फोर्स, यू. एस. आर्मी' असं असेल तर वस्तू सप्टेंबर १९४७ च्या आधीची. तेव्हा त्यांचं हवाई दल भूदलातून वेगळं झालं. कराराचा क्रमांक 'डब्ल्यू ५३५' नं सुरू झाला तर महायुद्धातला. 'एएफ ३३' नं सुरू झाला तर वेगळ्या हवाई दलाचा, म्हणजे त्यानंतरचा. 'डीएसए', म्हणजे त्यांचं संरक्षण पुरवठ्याचं खातं, असेल तर साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७६ पर्यंतचा, कारण १९७७ च्या जानेवारीत त्या खात्याचं नाव 'डीएलए' झालं. पाटीवर 'सायकल' लिहिलंय की 'हर्ट्झ' हेही बघा. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं आणि इंग्रजी पाट्यांवर हळूहळू रुळलं. 'सायकल' बहुधा जुनी पाटी.

मग साठा क्रमांक. अमेरिकी वस्तूवर अकरा आकडी क्रमांक असेल तर तो १९७४ च्या आधीच्या पद्धतीचा. त्या वर्षी तो तेरा आकडी झाला. पहिले चार आकडे वस्तूची जात सांगतात. ७३१० म्हणजे स्वयंपाकाची आणि वाढपाची उपकरणं, ७३३० म्हणजे हातातली भांडीकुंडी, १६८० म्हणजे विमानाची किरकोळ उपांगं. यातला ७३१० बघून हुरळून जाऊ नका, भूदलाच्या मैदानी भटारखान्यालाही तोच आकडा लागतो. १६८० दिसला तर खुशाल हुरळा. तेरा आकड्यांतला पाचवा-सहावा आकडा देश सांगतो: ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, ७२ भारत.

सोव्हिएत पाट्या मितभाषी. कारखान्याचं नाव बहुधा नाहीच, नुसता क्रमांक, व्होल्ट आणि तपासनिसाचा बारीक शिक्का. पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह असेल तर वस्तू १९६७ नंतरची. एक सोपी चाचणी: सोव्हिएत काळात दुकानात विकायच्या मालावर किंमतच उठवलेली असे, रुबल आणि कोपेकमध्ये. 'टीयू-१४२ मधला थर्मास' म्हणून दाखवलेल्या वस्तूच्या बुडावर किंमत दिसली, तर तो कुणाच्या तरी सामानातून आलेला दुकानातला थर्मास आहे.

ज्यांच्याशी गल्लत होते

आपल्या भागात 'गॅलीचं सामान' म्हणून जे फिरतं त्यातलं पुष्कळसं जहाजांचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गुजरातमधल्या अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात, आणि जहाजाच्या स्वयंपाकघरालाही गॅलीच म्हणतात. कढया, उकळण्या, ओव्हन, सगळं तिथून ट्रकनं देशभर जातं. फरक ओळखणं सोपं आहे. जहाजाला वजनाची फिकीर नाही, त्यामुळे पत्रा जाड आणि बोल्ट दणकट. वीज ४४० व्होल्ट, ६० सायकल. सामान घसरू नये म्हणून कडेला दांड्या मात्र जहाजातही असतात, त्यांनी चकू नका.

रेल्वेच्या डब्यात ११० व्होल्ट डीसी असे. मीटरवर ११० आणि ११५ चा फरक कळणार नाही, तिथे प्लग आणि वजन बघूनच ठरवायचं. अरुंद उभ्या ट्रॉल्या, ज्यांना लाल-हिरवे ब्रेकचे पेडल असतात आणि रुंदी जेमतेम तीस सेंटिमीटर, त्या नागरी विमान कंपन्यांच्या. त्यांची मापं १९७० च्या आसपास युरोपातल्या कंपन्यांच्या गटांनी ठरवून घेतली. ट्रॉली छानच दिसते, कॅफेत घ्यायलाही हरकत नाही, फक्त 'युद्धातली' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

घासायच्या आधी

जुन्या भट्ट्यांच्या आणि गरम कपांच्या दोन भिंतींमध्ये किंवा तारांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असू शकतो. राखाडी-पांढरा, कापसासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा थर फाटून बाहेर आलेला दिसला तर झटकू नका, फुंकू नका, ग्राइंडर तर लांबच. प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा. बोल्टांवर आणि प्लगवर पिवळसर, तेलकट इंद्रधनुषी झाक असते ती कॅडमिअमची; पॉलिश पेपरनं घासली की धूळ नाकात जाते. पाण्याच्या डब्यांच्या जुन्या डाकात शिसं असतं. अशा उकळणीत चहा करून पाहुण्यांना पाजायची हौस कितीही आली तरी करू नये.

आणि बफिंग. आपल्याकडे जर्मनचं काही हातात आलं की ते आरशासारखं करून आणायची घाई असते. चाकाखाली गेलं की तपासनिसाचा शाईचा शिक्का जातो, कोरलेला आकडा बुजतो, वरचा मूळ थर निघतो, आणि वस्तूची किंमत निम्म्यावर येते. ओल्या फडक्यानं पुसा, आतला पांढरा क्षार सौम्य व्हिनेगरनं हळूहळू काढा आणि तेवढ्यावर थांबा. सोलापूरच्या पाण्यानं धरलेला क्षार कुठला आणि मूळचा कुठला, हे नंतर कुणाला सांगता येणार नाही, म्हणून घरचं पाणी त्यात उकळायचंच नाही.

पाटी, प्लग आणि पाठ यांचे फोटो घ्या, फूटपट्टी शेजारी ठेवून. वजन करा. अडकवायच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये आणि इंचात, दोन्हींत लिहा. पूर्ण इंचात नेमकं बसलं तर वस्तू ब्रिटिश किंवा अमेरिकी, पूर्ण मिलिमीटरमध्ये बसलं तर बहुधा सोव्हिएत. विमानांच्या सुट्या भागांच्या छापील पुस्तकांत आकृत्या असतात, आणि नागरी पद्धतीच्या पुस्तकात गॅली पंचविसाव्या प्रकरणात सापडते. प्रत्यक्ष विमान बघायचं असेल तर गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात ते सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याची विमानसेवाही सुरू झाली. टीयू-१४२ बघायला विशाखापट्टणम गाठावं लागतं.

एवढं करूनही एखाद्या डब्याचं विमान नक्की होत नाही, तेव्हा चिठ्ठीवर दिसतं तेवढंच लिहावं: '२८ व्होल्ट डीसी, एएन प्लग, अमेरिकी, १९४७ च्या आधीचा, विमान अज्ञात'. अशा चिठ्ठीचा डबा जाणकार माणूस घेतो. 'लिबरेटरमधला, नक्की' असं लिहिलेला डबा बघून तो आधी पॉप रिवेट शोधायला लागतो.